गेमिंग शोकेसचा निकाल दोनदा लावावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातले पाच मित्र दर वर्षी सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांची गेमिंग शोकेस, म्हणजे येऊ घातलेले गेम दाखवणारे कार्यक्रम, एकत्र बसून पाहतात आणि नंतर आठवडाभर वाद घालतात. एक जण किती गेम दाखवले ते मोजतो. दुसरा फक्त एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणारे, गेम जमेस धरतो. तिसऱ्याच्या मते ज्याने सर्वांत मोठा धक्का दिला तो जिंकला. चौथा व्ह्यूज आणि लाइक्सचे आकडे पुढे करतो. पाचव्याचे म्हणणे असे की ही शेवटी ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे आणि तिचा निकाल लागूच शकत नाही. कोणाचे शोकेस सरस हे ठरवण्याची काही धड रीत आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

रीत आहे, आणि ती मला धंद्याने शिकवली आहे. राजारामपुरीत माझे कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) आणि गेमच्या डिस्क यांच्या खरेदी-विक्रीचे दुकान २००६ पासून आहे. नव्या डिस्क, जुन्या डिस्कची अदलाबदल आणि तासाच्या हिशेबाने खेळायला दिलेले चार टीव्ही, एवढा त्याचा पसारा. जूनमधल्या त्या दोन-तीन रात्रींत जे दाखवले जाते त्यावरून पुढच्या वर्षी कोणता माल किती मागवायचा याचा अंदाज मला बांधावा लागतो, आणि तो चुकला तर पैसा फळीवर अडकून पडतो. म्हणून २०१३ पासून मी लाल कापडी बांधणीची एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर त्या रात्री काय दाखवले, काय सांगितले आणि कोणती तारीख दिली ते लिहिलेले असते. उजवे पान त्या रात्री कोरे ठेवायचे आणि ते गेम जसजसे येतील, पुढे ढकलले जातील किंवा रद्द होतील तसतसे भरत जायचे. पुढचे सगळे विवेचन त्या दोन पानांच्या आधाराने केलेले आहे.

तुमच्यापैकी प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. ‘कोणाची रात्र सर्वांत रंगली’, ‘कोणाकडे पुढच्या दोन वर्षांत जास्त चांगले गेम येणार’ आणि ‘मी कोणता कन्सोल घ्यावा’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे एकाच कंपनीच्या बाजूने येतील असे नाही. शोकेस म्हणजे रंगमंचावर मांडलेली वचने असतात. मांडणी हा कलेचा भाग झाला आणि तिचे मोल त्या रात्रीच करता येते. वचनांचे मोल करायला काळ जावा लागतो. ज्यांनी ही दोन्ही कामे एकाच रात्री उरकली, त्यांचे निकाल पुढे फिरलेले मी वारंवार पाहिले आहेत.

धक्क्याचे उदाहरण घ्यायचे तर ई-थ्री या वार्षिक गेम प्रदर्शनाच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९९५ च्या मे महिन्यातल्या लॉस एंजेलिसपासून सुरुवात करावी लागते. सेगाने मंचावरून जाहीर केले की सप्टेंबरमध्ये येणारा सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला आजपासूनच दुकानांत मिळेल. त्या दिवशी याहून मोठा धक्का दुसरा नव्हता. नंतर सोनीच्या वतीने स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, त्यांनी ‘२९९’ एवढेच उच्चारले आणि ते निघून गेले. आता पुढचे पाहा. सॅटर्न मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळाला होता, ज्यांना मिळाला नाही ते दुकानदार दुखावले, आणि चार महिने आधीच माल बाजारात आणल्यामुळे त्यावर खेळायला गेमही फारसे नव्हते. तेव्हा तिसऱ्या मित्राला माझे सांगणे असे की धक्का हे मांडणीचे साधन आहे, त्याला रात्रीच्या गुणांत जागा आहे, परंतु धक्का बसल्यानंतर हातात काय राहते हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. सोनीचा तो तीन अंकी आकडा टिकला, कारण तो ग्राहकाच्या खिशाशी बोलत होता.

याच कारणामुळे मी ‘व्यवहार’ नावाचा एक वेगळा रकाना ठेवतो. २०१३ च्या जूनमध्ये सोनीची पत्रकार परिषद झाली तेव्हा कोल्हापुरात ११ तारखेच्या सकाळचे साडेसहा वाजले होते आणि बाहेर पावसाची झड लागली होती. त्या आधी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनबद्दल सांगितले होते की कन्सोलला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि वापरलेल्या डिस्कच्या विक्रीवर बंधने येऊ शकतील. किंमत ४९९ डॉलर. सोनीने प्लेस्टेशन फोरची किंमत ३९९ ठेवली आणि वापरलेल्या गेमवर कोणतेही बंधन नसेल असे मंचावरून स्वच्छ सांगितले. त्यांनी एक अगदी छोटी चित्रफीतही काढली होती. तिच्यात सोनीचे शुहेई योशिदा आणि त्यांचा एक सहकारी शेजारी शेजारी उभे असतात, एकाच्या हातातली गेमची डबी दुसऱ्याच्या हातात जाते, घेणारा आभार मानतो, आणि चित्रफीत संपते. माझ्या दुकानाचा निम्मा संसार जुन्या डिस्कवर चालत होता. ती डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाहून मला किती हायसे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपले धोरण मागे घेतले. त्या वर्षी कोणी किती गेम दाखवले हे मला वही उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तरीही व्यवहाराच्या रकान्यात इतके चांगले शोकेस मी त्यानंतर पाहिलेले नाही.

दोन पानांमधली तफावत सर्वांत ठळकपणे दिसते ती २०१५ च्या सोनीच्या शोकेसमध्ये. एकाच बैठकीत ‘द लास्ट गार्डियन’ पुन्हा प्रकट झाला, ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली आणि ‘शेनमू थ्री’साठी लोकवर्गणीची मोहीम सुरू झाली. ज्या तीन गोष्टी कधी होणारच नाहीत असे लोक धरून चालले होते, त्या तासाभरात समोर आल्या. दुकानातली मुले शटर उघडायच्या आधीपासून दारात उभी होती आणि त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. रात्रीचे गुण द्यायचे झाले तर मी आजही त्या शोकेसला सर्वांत वर ठेवीन. आता उजवे पान पाहा. ‘द लास्ट गार्डियन’ डिसेंबर २०१६ मध्ये आला, ‘शेनमू थ्री’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, आणि ‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’ एप्रिल २०२० मध्ये आला, तोही मूळ कथेच्या पहिल्या भागापुरता. तिन्ही आले, म्हणून फसवणूक झाली असे कोणी म्हणू नये. पण त्या रात्रीच्या भरात ज्याने कन्सोल घेतला, त्याला त्यातल्या सर्वांत मोठ्या आकर्षणासाठी पावणेपाच वर्षे थांबावे लागले. त्याच आठवड्यात बेथेस्डा या गेम कंपनीने ‘फॉलआउट फोर’ खेळून दाखवला, नोव्हेंबरची तारीख सांगितली आणि नोव्हेंबरमध्ये तो बाजारात आणला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम एक्सबॉक्स वनवर चालतील असे सांगितले आणि तेही नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. या दोघांची रात्र सोनीइतकी गाजली नाही, मात्र वचनांच्या रकान्यात दोघांचेही पारडे जड राहिले.

आता सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे वळतो. दाखवलेल्या प्रत्येक तुकड्याची प्रत ओळखता आली पाहिजे, आणि ती नजर सरावाने येते. सर्वांत खालच्या पायरीवर नुसते नाव किंवा बोधचिन्ह असते. त्यावर सिनेमॅटिक ट्रेलर, म्हणजे गेमशी थेट संबंध नसलेली सुंदर चित्रफीत. त्यावर गेमच्याच इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, बनवलेली दृश्ये, मग कापून जोडलेला गेमप्ले, म्हणजे प्रत्यक्ष खेळतानाचे चित्रण, मग सलग दहा-पंधरा मिनिटांचा गेमप्ले, आणि सर्वांत वर त्याच दिवशी घरी उतरवून घेता येणारा डेमो किंवा पूर्ण गेम. २००५ मध्ये ‘किलझोन टू’चा जो ट्रेलर दाखवला गेला तो आधीच रचून ठेवलेला होता आणि गेम आला २००९ मध्ये. २०१२ चा ‘वॉच डॉग्ज’ आणि २०१४ मध्ये हातात पडलेला ‘वॉच डॉग्ज’ यांच्या चित्रात किती फरक होता, हे दोन्ही शेजारी शेजारी लावून कोणीही पाहू शकतो. ‘मेट्रॉइड प्राइम फोर’चे २०१७ मध्ये फक्त बोधचिन्ह दाखवले, २०१९ च्या जानेवारीत काम नव्याने सुरू करत असल्याचे निन्टेन्डोनेच सांगितले, आणि गेम आला डिसेंबर २०२५ मध्ये.

पाहायचे कसे, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या नव्या गेमचा ‘गेमप्ले’ आम्ही दुकानात पाहत होतो आणि सगळे भारावून गेले होते. अकरावीतल्या एका मुलाने मला तुकडा मागे घ्यायला सांगितला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बंदुकीतल्या गोळ्यांचा आकडा होता. नायक गोळ्या झाडत होता आणि आकडा तीसवरून हलत नव्हता. आम्ही ते दृश्य चार वेळा थांबवून थांबवून पाहिले. नंतर लक्षात आले की कॅमेरा प्रत्येक वेळी स्फोट व्हायच्या क्षणभर आधीच त्या दिशेला वळत होता, जणू खेळणाऱ्याला काय होणार ते ठाऊक होते, आणि माणूस खेळत असताना निशाण जसे थोडे चुकते व सावरते तसे एकदाही झाले नाही. मी त्या ओळीपुढे ‘रचलेले’ असे लिहिले. तो गेम पुढे आला खरा, पण जवळपास दोन वर्षे उशिराने आणि बऱ्याच उतरलेल्या रूपात. दरम्यान एका वितरकाच्या भरवशावर मी ग्राहकांकडून आगाऊ रक्कम घेऊन बसलो होतो. वितरकाने हात वर केले आणि ती रक्कम मला गल्ल्यातून परत करावी लागली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की सलग गेमप्ले पाहिल्याखेरीज आणि तारीख ऐकल्याखेरीज आगाऊ नोंदणी घ्यायची नाही. बाकी सगळे बाजारात तुरी.

इथे एका अन्यायाचा उल्लेख केला पाहिजे, कारण प्रेक्षक म्हणून आपण सगळेच त्यात सहभागी असतो. जुलै २०२० मध्ये ‘हेलो इन्फिनिट’चा गेमप्ले दाखवला गेला. तो खेळला जात असलेला, कच्चा दिसणारा तुकडा होता. त्यातल्या एका शत्रूच्या निर्विकार चेहऱ्याची जगभर थट्टा झाली आणि पुढच्याच महिन्यात गेम लांबणीवर पडला. तो डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा चित्राची बाजू बरीच सुधारलेली होती. रात्रीच्या रंगतीत मी त्या तुकड्याला कमी गुण दिले होते, मात्र प्रतीच्या रकान्यात चांगले दिले होते, आणि ते योग्यच होते असे मला आजही वाटते. जे आहे ते दाखवणाऱ्याला हसायचे आणि रचलेल्या चित्रफितीला टाळ्या वाजवायच्या, असे आपण करत राहिलो तर पुढच्या वेळी कंपन्या कोणता तुकडा निवडतील हे सांगायला नको.

वचनांची परीक्षा घेण्यासाठी जून २०२२ चे एक्सबॉक्स आणि बेथेस्डा यांचे शोकेस मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण मोजपट्टी त्यांनी स्वतःच दिली होती. येथे दाखवलेले सगळे पुढच्या बारा महिन्यांत खेळता येईल, असे ते म्हणाले. ‘अ प्लेग टेल: रेक्विएम’, ‘पेंटिमेंट’ आणि ‘हाय ऑन लाइफ’ त्याच वर्षी आले. ‘डायब्लो फोर’ २०२३ च्या जूनमध्ये अगदी काठावर आला. ‘रेडफॉल’ मे २०२३ मध्ये, म्हणजे वेळेत आला, पण त्याचे स्वागत फार वाईट झाले. ‘स्टारफिल्ड’ सप्टेंबर २०२३ मध्ये आणि ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, म्हणजे दोघांनी मुदत ओलांडली. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आला सप्टेंबर २०२५ मध्ये. पुष्कळांनी यावरून सगळे शोकेस खोटे ठरवले, ते मला मान्य नाही. तपासता येईल असे वचन देणे ही मुळात चांगली गोष्ट आहे, कारण ज्याने तारीखच सांगितली नाही त्याचे वचन मोडतच नाही. म्हणून माझ्या पद्धतीत तारीख सांगितलेल्या गेमला जमाही मोठी मिळते आणि चुकल्यास वजावटही मोठी होते. ‘एल्डर स्क्रोल्स सिक्स’चा २०१८ मधला डोंगरांवरून फिरणारा अर्ध्या मिनिटाचा टीझर या हिशेबात जवळपास शून्यावर राहतो. त्याने कोणाला फसवले नाही आणि कोणाला काही दिलेही नाही.

गेमच्या संख्येबद्दल फार लिहीत नाही. बेरीज करू नये, सरासरी काढावी. पन्नास तुकड्यांची माळ ओवून दाखवणाऱ्याला बेरजेत आपोआप आघाडी मिळते. शिवाय आधीच ठाऊक असलेला गेम पुन्हा दाखवला असेल तर त्यात जेवढे नवे कळले तेवढेच मोजावे.

पाहुण्या गेमचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३’ हा फ्रान्समधल्या सँडफॉल या छोट्या स्टुडिओचा गेम जून २०२४ मध्ये एक्सबॉक्सच्या शोकेसमध्ये प्रथम दिसला, एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनसह अनेक ठिकाणी आला आणि त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. हा गेम मायक्रोसॉफ्टने बनवलेला नाही, तेव्हा पूर्ण श्रेय त्यांचे नाही. परंतु इतक्या गर्दीतून तो हेरून आपल्या मंचावर आणला, या पारखीचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणेही बरोबर नाही. मी अशा गेमला निम्मे वजन देतो. एक्सक्लुझिव्हचा हट्ट धरणाऱ्या दुसऱ्या मित्राने हेही पाहावे की २०२४ पासून ‘हाय-फाय रश’, ‘सी ऑफ थीव्ज’, ‘इंडियाना जोन्स’ आणि ‘फोर्झा होरायझन फाइव्ह’ असे एक्सबॉक्सचे गेम प्लेस्टेशनवरही आले आहेत. कन्सोल निवडताना एक्सक्लुझिव्ह गेम जरूर पाहावेत. शोकेसचा दर्जा ठरवताना त्यांचे वजन पूर्वीइतके उरलेले नाही.

चौथ्या मित्राच्या व्ह्यूज आणि लाइक्सबद्दल आपण कोल्हापूरकरांनी तरी भ्रमात राहू नये. शाहू स्टेडियमवर पेठेच्या तालमीचा फुटबॉल सामना ज्याने पाहिला आहे, त्याला निष्ठा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपल्या तालमीवरचे प्रेम ही लाजण्याची गोष्ट नाही आणि कन्सोलवरचे प्रेमही नाही, पण पंच म्हणून आपण त्याच पेठेतला माणूस उभा करत नाही. लाइक्सचा आकडा म्हणजे गॅलरीतला आवाज असतो. कोणाचे पाठीराखे किती आले आहेत हे त्यावरून कळते, गोल झाला की नाही हे कळत नाही. आमच्या दुकानात म्हणून दोन पथ्ये पाळतो. शोकेस चालू असताना कोणी चॅट उघडायची नाही आणि संपल्यावर एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायची. दुसरे असे की ज्याच्या घरी प्लेस्टेशन आहे त्याने एक्सबॉक्सच्या बाजूने बोलायचे आणि ज्याच्या घरी एक्सबॉक्स आहे त्याने प्लेस्टेशनच्या. एक्सबॉक्सचे जूनमधले शोकेस अलीकडे आपल्याकडे बहुधा रात्री साडेदहाला सुरू होते आणि बारा वाजून गेल्यावर डोळ्यांवर झोप असताना चर्चा रंगते. अशा वेळी शेवटचा ट्रेलर जसा असेल तसा अख्ख्या शोकेसचा रंग दिसू लागतो. आधी लिहून ठेवलेली चिठ्ठी त्यावर चांगला उतारा आहे.

निन्टेन्डोला या तुलनेत बसवताना बरीच काळजी घ्यावी लागते. ऑक्टोबर २०११ पासून ते ‘डायरेक्ट’ नावाचे ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रम करतात, वर्षातून अनेक वेळा करतात, आणि त्यात मंच, पाहुणे, प्रेक्षक असे काही नसते. ई-थ्री २०२३ च्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे कायमचे बंद झाले. तिघांनी एकाच आठवड्यात एकाच शहरात आपला माल मांडायचा, तो काळ आता राहिलेला नाही. मग चाळीस मिनिटांच्या एका डायरेक्टची दोन तासांच्या एक्सबॉक्स शोकेसशी तुलना करणे म्हणजे एका डावाची अख्ख्या सामन्याशी तुलना करण्यासारखे आहे. माझी सूचना अशी की रात्रीचे गुण त्या त्या कार्यक्रमाला द्यावेत, आणि वचनांचे गुण मात्र कंपनीच्या वर्षभरातल्या सगळ्या कार्यक्रमांचे एकत्र करून काढावेत.

आपण भारतात बसून पाहतो, याचाही हिशेब धरला पाहिजे. मंचावर सांगितलेली किंमत डॉलरमध्ये असते आणि तारीख बहुधा अमेरिकेची असते. प्लेस्टेशन फाइव्ह नोव्हेंबर २०२० मध्ये इतरत्र आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी, ४९,९९० रुपयांना. त्याच पिढीचे एक्सबॉक्स मात्र भारतातही १० नोव्हेंबर २०२० रोजीच आले. निन्टेन्डोची तर भारतात अधिकृत विक्री नाही. जो कन्सोल गावात दुरुस्त होत नाही आणि ज्याची पावती मिळत नाही, त्याचे शोकेस कितीही देखणे असले तरी व्यवहाराच्या रकान्यात माझा हात आखडतो. अमेरिकेतला परीक्षक वेगळे गुण देईल, आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल.

तुम्ही पाच जण आहात, म्हणून गुणांची विभागणी सांगून ठेवतो. शंभरपैकी तीस गुण रात्रीच्या मांडणीला, वीस व्यवहाराला आणि पन्नास वचनांना द्यावेत. पहिले दोन त्याच आठवड्यात ठरवावेत. वचनांचे पन्नास गुण दीड वर्षाने द्यावेत. दीड वर्ष यासाठी की त्याहून कमी काळात प्रामाणिकपणे दाखवलेले गेमही पुरे होत नाहीत, आणि त्याहून जास्त थांबले तर लोकांना ती रात्रच आठवत नाही.

ही रीत कशी चालते ते जून २०२४ च्या एक्सबॉक्स शोकेसवर पाहा. डाव्या पानावर मी रात्रीचे सव्वीस गुण दिले होते. उजवे पान डिसेंबर २०२५ मध्ये बंद केले. ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स सिक्स’, ‘फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ आणि ‘इंडियाना जोन्स’ सांगितल्या वर्षी आले. ‘साउथ ऑफ मिडनाइट’, ‘डूम: द डार्क एजेस’ आणि ‘एक्स्पेडिशन ३३’ यांना २०२५ सांगितले होते, तेही पाळले गेले. ‘अव्हाउड’ २०२४ ऐवजी फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, म्हणून किरकोळ वजावट झाली. ‘फेबल’ २०२५ वरून २०२६ वर गेला, त्याची वजावट थोडी मोठी. ‘गिअर्स ऑफ वॉर: ई-डे’ला तारीख नव्हती, त्याचे फार काही जमाही नाही आणि वजाही नाही. ‘परफेक्ट डार्क’ मात्र त्या रात्री गेमप्लेसह दाखवला होता, मी त्याला प्रतीचे चांगले गुण दिले होते, आणि जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला व तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. ती ओळ पूर्ण वजा झाली, आणि गेमप्ले पाहिला म्हणजे गेम येणारच, हा माझा समजही तिने मोडला. एवढे सगळे धरूनही त्या शोकेसला पन्नासपैकी छत्तीस मिळाले, जे माझ्या वहीतल्या चांगल्या गुणांपैकी आहेत.

याउलट सोनीचे मे २०२३ चे शोकेस त्या रात्री अनेकांना फिके वाटले होते. त्यात ‘स्पायडर-मॅन टू’चा मोठा सलग गेमप्ले होता आणि तो गेम ऑक्टोबरमध्ये आला, ही ओळ भक्कम. त्याच रात्री ‘काँकर्ड’चा फक्त सिनेमॅटिक टीझर होता. तो गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोनच आठवड्यांत मागे घेतला गेला, ग्राहकांचे पैसे परत केले गेले. पैसे परत केले म्हणून मी वजावट निम्मी केली, कारण व्यवहार शेवटी सरळ झाला.

काही गोष्टी हिशेबाबाहेर ठेवाव्यात. जानेवारी २०२३ मध्ये ‘हाय-फाय रश’ जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीस आला, याहून पक्के वचन असू शकत नाही. पुढे मे २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने जाहीर केला, याचे मला मनापासून वाईट वाटले. नंतर क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ घेतला. पण त्या दुःखाची वजावट मी जानेवारीच्या शोकेसमधून केली नाही, कारण प्रेक्षकाला जे सांगितले होते ते त्या दिवशी पूर्ण दिले गेले होते.

तेव्हा तुमच्या वादापुरते माझे मत असे. रात्र म्हणून २०१५ ची सोनी, व्यवहार म्हणून २०१३ ची सोनी, आणि या दोहोंची वचनांशी बेरीज करून अलीकडचे एकच शोकेस निवडायचे तर जून २०२४ चे एक्सबॉक्स. पाचव्या मित्राला हे पटले नाही तर त्याने स्वतःची विभागणी करावी, वचनांना पन्नासऐवजी तीस द्यावेत, मात्र ती शोकेस सुरू होण्याआधी कागदावर लिहून द्यावी. जून २०२५ चे निकाल मात्र मला आत्ता विचारू नका. एक्सबॉक्सने त्या वेळी दाखवलेला हातात धरायचा कन्सोल ऑक्टोबरमध्ये आला, ‘द आउटर वर्ल्ड्स टू’ही ऑक्टोबरमध्येच आला आणि त्याची सांगितलेली ८० डॉलरची किंमत जुलैमध्ये ७० वर आणली गेली, एवढ्या नोंदी झाल्या आहेत. त्या वर्षीच्या उजव्या पानावर अजून पुष्कळ ओळी कोऱ्या आहेत आणि ते पान मी डिसेंबर २०२६ मध्ये बंद करणार आहे. त्या वेळी तुमच्या पाचही चिठ्ठ्या घेऊन दुकानात या, आपण दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहू.